आपले ताट आणि दारचा कुत्रा

श्रोतेहो, मार्गशीर्षाची थंडी पडली की आपल्या खानदेशात भरिताच्या पंगती सुरू होतात. शेतात कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ करायचा, त्यावर ती हिरवी, पांढुरकी, मऊ गराची वांगी खरपूस भाजायची, साल काढून लाकडाच्या भांड्यात ठेचायची, आणि मग तेलात हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे आणि मुबलक कांद्याची पात घालून फोडणी द्यायची. जळगावच्या या भरिताच्या वांग्याला २०१६ साली सरकारदरबारी भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच वर्षी आपल्या केळीलाही मिळाले. मानांकन नसते तरी आपण भरीत खाणे काही थांबवले नसते, ही गोष्ट निराळी!

या पंगतीत एक पाहुणा असा असतो की त्याला कोणी बोलावणे धाडत नाही. जाळापासून चार हात लांब, पुढच्या पायांवर हनुवटी टेकून, तो वाट पाहत बसलेला असतो. पंगत उठली की पातेल्याच्या तळाशी राहिलेले सगळे त्याच्यापुढे रिते होते. वर्षभर शेत राखणारा प्राणी तो, त्याच्या तोंडी आजच्या दिवशी चार घास चांगले पडावेत, ही त्यामागची भावना. ती भावना खोटी नाही. चंपाषष्ठीला तर तिला धर्माचा आधार आहे. ज्यांच्या घरी खंडोबाचा कुळाचार असतो ती माणसे चातुर्मासात कांदा, लसूण, वांगे सोडतात आणि चंपाषष्ठीला देवाला भरीत, रोडगा आणि पातीचा कांदा यांचा नैवेद्य दाखवून मग ते तोंडात घालतात. कुत्रा हा खंडोबाचा सोबती, म्हणून त्याच्याही वाट्याचे पान काढतात. रीत मोठी गोड आहे. अडचण एवढीच की त्या पानावरचा एक जिन्नस कुत्र्याच्या मुळावर येणारा असतो. तो जिन्नस म्हणजे कांदा, आणि त्याचा धाकटा पण अधिक तिखट भाऊ लसूण.

ही गोष्ट पुष्कळांना पटत नाही. मलाही ती पुस्तकात वाचून जेवढी पटली नव्हती तेवढी एका प्रसंगाने पटली. काही वर्षांपूर्वी पांझरेकाठच्या एका गावाहून मला बोलावणे आले. गेलो तर ओसरीवर पोत्यावर एक तांबूस कुत्रा पडलेला. मान उचलायचे त्राण नाही, श्वास भरभर चाललेला. ओठ वर करून हिरड्या पाहिल्या तर कागदासारख्या पांढऱ्या, त्यावर किंचित पिवळी झाक. घरधनी रागाने लाल झालेला. म्हणाला, "डॉक्टरसाहेब, मोत्याला विष घातलंय. कोणी घातलं तेही मला ठाऊक आहे. तुम्ही फक्त कागदावर लिहून द्या."

त्याचा आणि शेजारच्या शेतकऱ्याचा बांधावरून वाद चालला होता. मोत्या त्या शेजाऱ्याच्या माणसांवर भुंकत असे. त्यामुळे गुन्हेगार आधीच ठरलेला होता, पुरावा तेवढा माझ्याकडून हवा होता.

मी विचारले, "लघवी कशी होतेय?"

"काथाच्या पाण्यासारखी. कालपासून."

"आजारी कधीपासून?"

"परवापासून मलूल आहे. आज उठतच नाही."

"गेल्या आठवड्यात काय काय खाल्लं त्यानं?"

"आपल्या घरचंच. भाकरी, दुसरं काय?"

"आणखी काही? सण, पंगत, पाहुणे?"

तेव्हा तो जरा थांबला. "चार दिवसांपूर्वी मळ्यात भरीत होतं. उरलेलं ह्याच्याच पुढं टाकलं. पण ते तर आम्ही पंचवीस माणसांनी खाल्लं की! कोणाला ढेकरसुद्धा वाईट आला नाही." आतून त्याची म्हातारी आई म्हणाली, "कुत्रं ते, समदंच खास, त्याले काय व्हस?"

हे शेवटचे वाक्य मी आजवर किती घरांत ऐकले असेल याचा हिशोब नाही. सगळ्या दुखण्याचे मूळ त्या वाक्यात आहे.

मोत्याच्या अंगावर गोचीड होते. तांबडी लघवी आणि पांढऱ्या हिरड्या म्हटल्यावर कोणाही पशुवैद्याच्या मनात पहिल्याने गोचीडताप येतो, आणि तो यायलाच हवा. म्हणून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन तपासला. गोचीडतापाचे जंतू दिसले नाहीत. दिसले ते निराळेच. निळ्या रंगात रंगवलेल्या तांबड्या पेशींच्या कडेला बारीक बारीक निळे ठिपके चिकटलेले होते. १८९० साली जर्मनीतल्या हाइन्झ नावाच्या शास्त्रज्ञाने या ठिपक्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना हाइन्झचे कण म्हणतात. कांद्याने आपली सही करून ठेवली होती.

आता हे घडते कसे ते पाहू. कांदा चिरताना डोळ्यांतून पाणी येते ते त्यातल्या गंधकयुक्त द्रव्यांमुळे. हीच जातकुळी पोटात गेली की पचनात तिची आणखी रूपे तयार होतात आणि ती रक्तात उतरतात. रक्ताच्या तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन असते, प्राणवायू वाहून नेणारे. ही द्रव्ये त्या हिमोग्लोबिनवर हल्ला करून, लोखंडाला गंज चढावा तसा, त्याचा नाश करतात. खराब झालेले हिमोग्लोबिन गोळा होऊन पेशीच्या कडेला चिकटते, तेच ते ठिपके. अशी पेशी ठिसूळ होते, फुटते, आणि तिच्यातला रंग मूत्रावाटे बाहेर पडतो. माणसाच्या तांबड्या पेशींत हा मारा परतवण्याची तयारी बरी असते. कुत्र्याच्या पेशींत ती दुबळी असते आणि मांजराच्या तर त्याहून दुबळी. म्हणून तेच भरीत पंचवीस माणसांना पचते आणि एका कुत्र्याला पचत नाही. हे ज्ञान काही आजचे नव्हे. १९३० साली अमेरिकेत सेब्रेल नावाच्या डॉक्टराने कुत्र्यांना कांदा खाऊ घालून त्यांचे रक्त कसे घटते ते दाखवून दिले होते. आपल्या ओसरीपर्यंत पोचायला त्याला फार वर्षे लागली, एवढेच.

यातली मोठी फसवी बाब ही की पेशी एका रात्रीत फुटत नाहीत. कांदा खाल्ल्या दिवशी कुत्रा एखादी उलटी करील, कदाचित तीही नाही. शेपूट हलवीत हिंडेल. खरा तडाखा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी दिसतो. तोवर घरातली माणसे भरीत विसरून गेलेली असतात आणि संशय भलतीकडे वळतो. शेतात विष घालणारी माणसे नसतातच असे मी म्हणत नाही. दुर्दैवाने असतात. पण पिकावर मारायची बरीच औषधे पोटात गेली तर काही मिनिटांत, फार तर काही तासांत, तोंडाला फेस, लाळेची धार, अंगाला थरथर, झटके असा प्रकार सुरू होतो. चार दिवस हळूहळू पांढरा पडत जाणारा कुत्रा ही निराळीच कहाणी असते. मी त्या गृहस्थाला हे सगळे समजावून सांगितले. त्याने ऐकून घेतले, मान हलवली. पोलीस पाटलाकडे जायचे तेवढे टळले. मोत्याला सलाईन, औषधे आणि विश्रांती यांवर निभावून नेता आले, रक्त देण्याची वेळ आली नाही. पंधरा-वीस दिवसांत तो उठून बांधावर हिंडू लागला. बांधाच्या दोन बाजूंची माणसे एकमेकांशी बोलू लागायला मात्र दसरा उजाडला.

किती कांदा खाल्ला म्हणजे बाधतो, असे कोणी विचारील. साधारण हिशोब असा आहे की कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा एका वेळी गेला तर रक्तात चांगलाच बिघाड होतो. आपला गावठी कुत्रा सोळा किलोचा धरला तर सुमारे पाव किलो कांदा झाला. भरिताच्या उरलेल्या पातेल्यात, पात आणि लसूण मिळून, एवढा ऐवज निघणे काही अवघड नाही. तीन किलोच्या पिल्लाला तर अर्धा कांदा पुरे. लसूण वजनाला वजन कांद्यापेक्षा तीव्र. आणि थोडे थोडे पण रोज, हा प्रकारही निर्धोक नाही. कालच्या पेशी भरून निघण्याआधी आजच्या फुटतात.

शिजवले म्हणजे विष जाते, ही समजूतही सोडून द्यावी. भाजा, तळा, वाळवा, दळा, कांद्याचा हा गुण जात नाही. आपला काळा मसाला आठवून पाहा. कांदा आणि खोबरे काळेकुट्ट होईस्तो भाजून वाटायचे, वर लसूण. मटणाचा रस्सा असो, शेवभाजी असो, त्या तर्रीत कांदा डोळ्यांना दिसत नाही पण असतो भरपूर. पुन्हा, मटणाचा वास असल्यामुळे कुत्रा ते पातेले चाटूनपुसून लख्ख करतो. कोरडी भाकरी दिली तर हुंगून बाजूला होणारा शहाणाही तर्रीत कुस्करलेली भाकरी मिटक्या मारीत खातो. तेव्हा कुत्र्याला उपजतच कळते काय खावे नि काय नाही, यावर विसंबू नये. त्याला वास कळतो, पुढचे कळत नाही.

भाकरीची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. हल्ली शहरात पाळीव कुत्र्यांचे प्रस्थ वाढले आहे आणि कुत्र्याला धान्य मुळीच चालत नाही असे काही मंडळी छातीठोकपणे सांगतात. २०१३ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी लांडगा आणि कुत्रा यांच्या आनुवंशिक द्रव्यांची तुलना केली, तेव्हा आढळले की पिष्टमय अन्न पचवणाऱ्या रसाचे जनुक कुत्र्यात लांडग्यापेक्षा कितीतरी अधिक प्रतींत असते. माणसाच्या उकिरड्यावर हजारो वर्षे राहून त्याने ही कमाई केली आहे. ज्वारीची भाकरी त्याला पचते. एकट्या भाकरीवर त्याचे पोषण पुरे होत नाही हे खरे, पण भाकरी त्याचा शत्रू नव्हे. केळ्याचा तुकडाही चालतो, आणि जळगाव जिल्ह्यात तो त्याला न मिळता तरच नवल.

द्राक्षांचे मात्र तसे नाही. शेजारी नाशिक असल्याने फाल्गुनात आपल्याकडे द्राक्षांचे ढीग उतरतात, आणि बेदाणे तर शिऱ्यापासून प्रसादापर्यंत बारमाही. द्राक्षे खाऊन कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात, ही गोष्ट विसाव्या शतकाच्या अगदी शेवटी अमेरिकेतल्या विषबाधा केंद्राच्या ध्यानात आली. कोणता घटक हे करतो ते वीस वर्षे उलगडेना. एक कुत्रा अर्धा किलो खाऊन ठणठणीत राही, दुसरा मूठभर बेदाण्यांनी मरणाच्या दारी जाई. २०२१ साली त्या केंद्रातल्या पशुवैद्यांनी एक धागा पकडला. टार्टारिक आम्लाचे क्षार असलेली बेकरीतली पूड खाऊन आजारी पडलेल्या कुत्र्यांत नेमकी तीच लक्षणे दिसली होती. द्राक्षांतही टार्टारिक आम्ल असते, आणि जातीप्रमाणे, पिकण्याप्रमाणे कमीअधिक असते. म्हणून तेच दोषी असावे, असा आता अंदाज आहे. श्रोतेहो, इथे आपण कान टवकारायला हवेत. कारण हे आम्ल भरभरून असते ते आपल्या चिंचेत! चिंच खाऊन मूत्रपिंडे बिघडलेल्या कुत्र्यांची नोंदही याच अभ्यासात आहे. आमटीतल्या चिमूटभर आंबटपणाने घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु चिंचा फोडण्याच्या दिवसांत अंगणात वाळत घातलेल्या चिंचेशी, गूळ-चिंचेच्या गोळ्यांशी कुत्र्याची सलगी होऊ देऊ नये. द्राक्षे वा बेदाणे खाल्ले तर किती खाल्ले याचा वाद न घालता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. उलट्या सुरू होऊन एक ते तीन दिवसांत लघवी कमी पडू लागली म्हणजे फार उशीर झालेला असतो.

विष नसलेल्या पण आतड्यात अडकून जीव घेणाऱ्या वस्तू आपल्याकडे थोड्या नाहीत. आखाजीला घरोघर पुरणपोळी आणि आमरस. रस काढून झाला की कोयींचा ढीग दारात. कोयीला रस लागलेला असतो, कुत्रा ती चघळता चघळता गिळतो, आणि ती आतड्यात बूच बसल्यासारखी बसते. पावसाळा सरता सरता मक्याचे तेच. दाणे खाऊन टाकलेले बुरकुंड कुत्र्याच्या पोटात विरघळत नाही. क्ष-किरणांच्या चित्रातही ते नीट दिसत नाही, म्हणून डॉक्टरला सांगावे लागते. कुत्रा वारंवार ओकतो, पाणीसुद्धा टिकत नाही, शौचाला होत नाही, असे झाले तर पोट कापून ते काढण्यावाचून मार्ग उरत नाही. शिजवलेली हाडे, त्यातही कोंबडीची, दाताखाली फुटून सुईसारखी टोके होतात. गळ्यात, आतड्यात कुठेही रुततात. मटणाच्या पंगतीनंतर हाडांचे ताट कुत्र्यापुढे सरकवण्याची आपली सवय जुनी आहे, आणि ती मोडायला सर्वांत कठीण आहे. मी हे सांगतो तेव्हा माणसे हसतात. कुत्रा नि हाड यांचे नाते कोणी तोडावे? कच्चे हाड आणि शिजवलेले हाड यांत फरक आहे, एवढे सांगून मी पुढे जातो.

सरकी हे काही माणसाचे अन्न नव्हे, पण कापसाच्या मुलखात बोलतो आहोत म्हणून दोन शब्द. सरकीत गॉसिपॉल नावाचे द्रव्य असते. गाईबैलांच्या रवंथ करणाऱ्या पोटात त्याचा जोर बराच बांधला जातो, म्हणून पेंड त्यांना मानवते. कुत्र्याच्या पोटाला ती सोय नाही, आणि हे द्रव्य साठत जाऊन हृदयाला इजा करते. गव्हाणीतली भिजवलेली पेंड रोज चाटणाऱ्या कुत्र्याला हाकलावे.

चॉकलेट आता खेड्यातल्या टपरीवरही मिळते. त्यातले थिओब्रोमीन कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडते. निम्मे जायलाच त्याला सतरा-अठरा तास लागतात. जितके चॉकलेट काळे आणि कडू तितके ते वाईट, आणि कोको पूड सर्वांत वाईट. उलट्या, अस्वस्थपणा, छातीची धडधड, मग झटके. चहा-कॉफीची पूड याच कुळातली. साखरेऐवजी झायलिटॉल घातलेली च्युइंग गमसारखी वस्तू तर अर्ध्या-एक तासात कुत्र्याच्या रक्तातली साखर इतकी खाली आणते की तो उभ्याउभ्या कोसळतो. पुढे यकृतही जाऊ शकते. पाकिटावर ते नाव छापलेले असते, वाचण्याची तसदी घ्यावी. आणि मोहाची असो की दुकानातली, दारू कुत्र्याला पाजून मजा पाहणारे जे महाभाग असतात, त्यांच्याविषयी मी आकाशवाणीवरून काय बोलणार?

आता खाणे होऊनच गेले तर काय करावे? पहिली गोष्ट, मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नये. हा उपाय घरोघर सांगतात आणि त्याने मिठाचीच विषबाधा होते. तेल, तूप, ताक, लिंबू यांनीही उतारा पडत नाही. बेशुद्ध किंवा झटके येणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात तर काहीच ओतू नये, ते फुप्फुसात जाते. काय खाल्ले, अंदाजे किती आणि केव्हा, हे लिहून घ्यावे, उरलेला जिन्नस वा पाकीट बरोबर घ्यावे आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे. खाल्ल्यापासून दोनेक तासांत पोचलात तर सुईने ओकारी काढता येते, कोळशाची औषधी पूड देता येते, आणि पुष्कळदा तेवढ्यावर भागते. कांद्याला उतारा असा नाही. शरीर नव्या पेशी तयार करीपर्यंत त्याला तगवणे हाच इलाज. आणि डॉक्टरने न विचारताही चार-पाच दिवस मागचे सांगावे. "भाकरीच खाल्ली" हे उत्तर अपुरे असते, हे तुम्ही मोत्याच्या कहाणीत पाहिलेच आहे.

साक्री-धुळे भागातल्या आमच्या ठेलारी मेंढपाळांकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. मेंढरांमागे मैलोगणती चालणाऱ्या या लोकांचा कुत्रा म्हणजे त्यांचा रात्रीचा पहारा. मी पाहिलेल्या वाड्यांवर कुत्र्याच्या भाकऱ्या वेगळ्या थापलेल्या असत, माणसांच्या कालवणाशी त्यांचा संबंध नसे. कारण विचारले तर एक म्हातारा म्हणाला, "तिखट खाल्लं तर पाणी फार पितं, रात्री झोपतं."

चंपाषष्ठीचे पानही असेच वेगळे काढता येईल. वांगी भाजून साल काढली की फोडणीकडे नेण्याआधी गराचा एक गोळा बाजूला ठेवावा, बिनमिठाचा, बिनकांद्याचा. साधा रोडगा कुस्करून त्यात तो कालवावा, हवे तर वर थोडे दूध घालावे. देवाच्या पानावर पात असू द्या. कुत्र्याच्या पानावर ती नको. कुळाचारात कुठे उणे पडते का, हे मी आमच्या ओळखीच्या एका वाघ्याला विचारले होते. तो म्हणाला, "देवाचं कुत्रं जगलं पाहिजे ना डॉक्टर? मग घाला की तसंच."